नामावलीबाहेरची नटी

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोमधील 'अर्नीज' नावाच्या उंची उपाहारगृहाचा एक प्रसंग आहे. नायक स्कॉटी बारपाशी बसून नायिकेला प्रथम पाहतो तो हा प्रसंग. भिंती गर्द तांबड्या, नायिकेच्या अंगावर हिरवे वस्त्र. प्रेक्षकाची नजर त्या हिरव्या रंगावरून ढळू नये अशीच सारी रचना. आम्हीही हा प्रसंग अनेकदा पाहिला आणि दर वेळी दिग्दर्शकाने जेथे पाहायला लावले तेथेच पाहिले. पण त्या दालनात इतरही माणसे जेवत असतात. त्यांत एक प्रौढ, उंच, उत्तम पोशाखातली स्त्री आहे. 'रिअर विंडो' (१९५४) मध्ये अंगणापलीकडच्या संगीतकाराच्या घरी मेजवानी चालू असते, तीतही ही स्त्री आहे. 'डायल एम फॉर मर्डर' (१९५४) मध्ये बोटीवरून उतरणाऱ्या उतारूंत ती आहे. 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मध्ये चित्रपट पाहायला बसलेल्या श्रोतृवृंदात ती आहे. आणि 'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०) च्या शेवटी, पारितोषिक पटकावलेल्या ईव्हचे एका वाक्यात अभिनंदन करून बाजूला होणारी सभ्य गृहस्थीण तीही हीच.

या स्त्रीचे नाव बेस फ्लॉवर्स. हॉलिवुडमध्ये तिला 'एक्स्ट्रांची राणी' असे म्हणत. १९२३ ते १९६४ अशी ४१ वर्षे ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकाचे पाच मानकरी तिच्या खात्यावर आहेत: 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४), 'यू कान्ट टेक इट विथ यू' (१९३८), 'ऑल अबाउट ईव्ह', 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' (१९५२) आणि 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' (१९५६). असा लेखाजोखा भल्याभल्या ताऱ्यांच्या नावावर नाही. तरीही यांपैकी बहुतेक चित्रपटांच्या नामावलीत तिचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही.

अशा व्यक्तीविषयी लिहिताना दोन ठरीव सूर हाताशी असतात. एक कीव करण्याचा: बिचारी तारा व्हायला आली आणि गर्दीत विरली. दुसरा विक्रमाचे कौतुक करण्याचा: पाहा, केवढे हे चित्रपट! आम्हांला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. फ्लॉवर्सबाईंची कारकीर्द नीट पाहिली तर ती फसलेल्या महत्त्वाकांक्षेची कथा ठरत नाही. ती एका व्यवसायाची कथा आहे. ज्याला स्वतःचे भांडवल होते, कसब होते, दर होते, श्रेणी होत्या, पुढे संघटनाही झाली. मात्र त्या व्यवसायाची पहिली अट अशी होती की, काम उत्तम झाले तर ते कोणाच्या लक्षात येऊ नये. इतिहासापुढे पेच उभा राहतो तो येथे.

बाईंचा जन्म २३ नोव्हेंबर १८९८ रोजी टेक्सासमधील शर्मन या गावी झाला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. ही गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे, कारण एक्स्ट्रा म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस ही समजूत सार्वत्रिक आहे. १९२३ साली त्या चित्रपटांत आल्या. याच वर्षी सहायक दिग्दर्शक कलन टेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे लग्न पुढे मोडले. त्यांचे दुसरे पती विल्यम होलमन हेही चित्रपटधंद्यातलेच, आणि तेही लग्न टिकले नाही.

त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एकाचे नावच 'हॉलिवुड' (१९२३). जेम्स क्रूझने दिग्दर्शित केलेल्या या मूकपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही. जे कळते ते तत्कालीन वर्णनांवरून. एक तरुण मुलगी तारा होण्यासाठी आजोबांना सोबत घेऊन हॉलिवुडला येते. तिला दारोदार हिंडूनही काम मिळत नाही. आणि ज्यांना कामाची मुळीच इच्छा नव्हती ते आजोबा मात्र नट म्हणून नावारूपाला येतात. चित्रपटात अनेक नामवंत क्षणभर दर्शन देऊन जातात. त्यांत रॉस्को आर्बकलही आहे. १९२१ सालच्या एका मृत्युप्रकरणात त्याच्यावर खटला भरला गेला, १९२२ मध्ये तो निर्दोष सुटला, पण त्याची कारकीर्द उद्ध्वस्त झाली होती. काम मागण्यासाठी तो नटभरतीच्या खिडकीशी येतो आणि ती खिडकी त्याच्या तोंडावर बंद होते, एवढेच त्याचे दृश्य. या चित्रपटात फ्लॉवर्सबाईंना नाव असलेली भूमिका होती, हॉर्टन्स टॉवर्स ही. पुढची चाळीस वर्षे ज्या खिडकीच्या आसऱ्याने काढायची तिची ओळख त्यांना अशी उंबरठ्यावरच झाली.

ही खिडकी कवितेतली नव्हे. १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रत्येक स्टुडिओच्या फाटकाशी सकाळपासून माणसांची रांग लागे. मध्यस्थ दलालांच्या कचेऱ्या होत्या. त्या नाव नोंदवण्याचे पैसे घेत, मजुरीतून हिस्सा कापून घेत. तरुण मुलींच्या शोषणाच्या कथा वृत्तपत्रांतून येत आणि उद्योगाची बदनामी होई. हॉलिवुडच्या व्यापारी मंडळाने तर चित्रपटांत शिरण्याच्या नादी लागू नका असे सांगणारी जाहिरात काढली होती. तीत भरतीच्या कचेरीपुढील अफाट गर्दीचे छायाचित्र होते, आणि प्रारंभ करणाऱ्या १,००,००० जणांपैकी केवळ ५ जण शिखरावर पोहोचले असा हिशेब दिलेला होता. हा हिशेब कोणी कसा मांडला हा प्रश्न वेगळा. पण आपल्या दाराशी माणसे येऊ नयेत म्हणून एखाद्या गावाने पैसे खर्चून जाहिरात करावी हे आम्हांला फारच बोलके वाटते.

या गोंधळावर उपाय म्हणून निर्मात्यांच्या संघटनेने डिसेंबर १९२५ मध्ये 'सेंट्रल कास्टिंग' ही संस्था काढली. एक्स्ट्रांकडून दलाली घ्यायची नाही, खर्च स्टुडिओंनी सोसायचा, अशी व्यवस्था ठरली. प्रत्येकाच्या नोंदीत वय, उंची, चेहरेपट्टी, घोड्यावर बसता येते काय, नाचता येते काय, आणि अंगावर घालायला काय काय कपडे आहेत, हे सारे टिपलेले असे. दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या माणसांची मागणी स्टुडिओंकडून येई. इकडून एक्स्ट्रा दूरध्वनी करून आपले नाव सांगत. काम असेल तर कोठे, किती वाजता, कोणत्या वेषात यायचे ते सांगितले जाई. नसेल तर नंतर पुन्हा विचारा असे थोडक्यात उत्तर मिळे. दलाल गेला हे खरे. त्याच्या जागी एकच खिडकी उरली, आणि तिची मालकी काम देणाऱ्यांकडेच होती, हेही खरे.

या जगाचे दुःख त्या काळच्या चित्रपटांनाही ठाऊक होते. १९२८ साली रॉबर्ट फ्लोरी आणि स्लाव्को व्होर्कापिच यांनी शंभरएक डॉलरांत एक छोटा प्रयोगपट केला. त्याच्या नायकाला नाव नाही. कपाळावर ९४१३ हा आकडा मात्र आहे. त्याच वर्षीच्या फॉन स्टर्नबर्गच्या 'द लास्ट कमांड' मध्ये झारच्या सैन्यातला जुना सेनापती हॉलिवुडमध्ये एक्स्ट्रा म्हणून सेनापतीचाच गणवेश चढवतो. ही भूमिका गाजली, आणि एमिल यानिंग्सला नटासाठीच्या पहिल्या ऑस्करने गौरवले गेले ते ज्या दोन चित्रपटांसाठी, त्यांतला हा एक. एक्स्ट्राचे दुःख ताऱ्याने वठवले आणि बक्षीस ताऱ्याला मिळाले. यात कोणाचा दोष नाही. या धंद्याची रीतच तशी.

आता फ्लॉवर्सबाईंच्या कसबाकडे येऊ. एक्स्ट्रांमध्ये श्रेणी होत्या. सर्वांत खाली निव्वळ गर्दी: मोर्चातली, बाजारातली, युद्धातली माणसे. सर्वांत वर 'ड्रेस एक्स्ट्रा'. मेजवानी, नृत्यगृह, नाट्यगृह, कॅसिनो, लग्नसमारंभ, न्यायालय अशा ठिकाणी प्रतिष्ठित समाज दाखवायचा असला की या वर्गाला बोलावणे जाई. त्यांनी स्वतःचे कपडे घेऊन यायचे असत. पुरुषांकडे शेपटीचा काळा कोट आणि उंच टोपी हवी. स्त्रियांकडे सायंकाळचे झगे, दिवसाचे नेटके पोशाख, फर, टोप्या, हातमोजे, दागिने. १९३० च्या दशकात साध्या गर्दीतल्या माणसाला दिवसाला ५ डॉलरच्या आसपास मिळत, तेथे ड्रेस एक्स्ट्राला सुमारे १५. हा फरक चेहऱ्याचा नव्हता, कपाटाचा होता. कारागिराने स्वतःची अवजारे घेऊन कारखान्यात यावे तसा हा प्रकार. फरक इतकाच की, सुताराची पटाशी वर्षानुवर्षे चालते. झग्याची तऱ्हा दर हंगामाला बदलते. १९४७ मध्ये पॅरिसला डिऑरने झगे पायघोळ आणि घेरदार केले, तेव्हा जगभरच्या कपाटांतले आखूड झगे एका वर्षात जुनाट दिसू लागले. श्रीमंत स्त्रीला ही हौस होती. श्रीमंत स्त्री म्हणून रोजावर उभे राहणाऱ्या बाईला तो धंद्यातला खर्च होता, आणि तो भरून देणारे कोणी नव्हते.

फ्लॉवर्सबाईंपाशी हे कपाट होते. उंच बांधा होता, वावरण्यात डौल होता. पण याहून महत्त्वाची होती ती मागे राहण्याची विद्या. संवाद चालू असताना पाठीमागच्या टेबलावर बोलल्याचा भास निर्माण करायचा, पण आवाज करायचा नाही; कारण ध्वनिमुद्रण नायक-नायिकेचे चाललेले असते. पेला दर वेळी त्याच शब्दावर उचलायचा, नाहीतर दोन तुकडे जोडताना संकलकाची पंचाईत होते. नायकाकडे पाहायचे नाही, कॅमेऱ्याकडे तर नाहीच नाही. हे दिवसातून वीस वेळा, तितक्याच सहजतेने करायचे. शिवाय आदल्या आठवड्यात दुसऱ्या स्टुडिओत असेच करून आलो आहोत, हे प्रेक्षकाला जाणवू द्यायचे नाही. आपल्या जुन्या संगीत नाटकांत भालदार-चोपदाराचे काम म्हणजे अखेरचे काम असा समज होता. तरी चोपदाराला निदान ललकारी देता येत असे, आणि त्या ललकारीने प्रेक्षागृह सावरून बसत असे. येथे ललकारीचीच बंदी.

एखादे वाक्य मिळाले तर मात्र हिशेब पालटे. १९३७ साली स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने स्टुडिओंशी जो पहिला करार केला त्यात एक्स्ट्राचा किमान रोज साडेपाच डॉलर ठरला, आणि बोलणाऱ्या रोजंदार नटाचा २५ डॉलर. म्हणजे तोंडून एक वाक्य निघाले की मजुरी जवळजवळ पाचपट. म्हणून पटकथेत चिटणीस, परिचारिका, यजमानीणबाई यांच्या तोंडी वाक्य ठेवायचे की नुसती मान डोलवायची, हा प्रश्न केवळ कलेचा उरत नसे. फ्लॉवर्सबाई आयुष्यभर या रेषेच्या दोन्ही बाजूंना ये-जा करीत राहिल्या. 'इट हॅपन्ड वन नाइट' मध्ये त्या वृत्तसंपादकाच्या चिटणीस आहेत. 'डबल इंडेम्निटी' (१९४४) मध्ये विमा कंपनीच्या अध्यक्षाच्या चिटणीस. एक दार उघडायचे, एक निरोप द्यायचा.

त्यांना यापेक्षा मोठे काम जमत नव्हते असे मात्र नाही. लॉरेल आणि हार्डी यांच्या 'वी फॉ डाउन' (१९२८) या लघुपटात त्या लॉरेलच्या पत्नी आहेत, आणि या बायकांच्या धाकाशिवाय त्या विनोदाला उभे राहायला जागाच नाही. कोलंबिया कंपनीने काढलेल्या 'थ्री स्टूजेस' च्या लघुपटांत, १९३८ या एकाच वर्षी, 'टर्माइट्स ऑफ १९३८', 'टॅसल्स इन द एअर' आणि 'मट्स टु यू' या तिन्हींत त्यांना ठळक भूमिका आहेत. त्या पाहिल्या की विनोदातली त्यांची वेळ किती अचूक होती ते कळते. सभ्यतेचा पुतळा होऊन उभे राहायचे आणि भोवतालच्या तीन मूर्खांना त्या सभ्यतेच्या चिंधड्या करू द्यायच्या, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण लघुपट हा कार्यक्रमाच्या आरंभी दाखवायचा स्वस्त माल. तेथे त्या नामवंत आणि मोठ्या चित्रपटात निनावी. अशी उलटी प्रतवारी त्यांच्या वाट्याला आली.

येथवर आम्ही जे सांगितले त्याने बाईंविषयी आदर वाढेल. पण या विक्रमाची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते कौतुक आंधळे ठरेल. एकच चेहरा शेकडो चित्रपटांत खपतो कसा? कारण त्या चित्रपटांना 'प्रतिष्ठित समाज' या शब्दाने एकच एक चित्र हवे होते. न्यू यॉर्कची मेजवानी असो, लंडनचे नाट्यगृह असो की एखादी आलिशान बोट, टेबलाशी बसणारी बाई गोरी, उंच आणि सुस्थितीतली असणार हे गृहीतच होते. सेंट्रल कास्टिंगने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय एक्स्ट्रांच्या भरतीसाठी चार्ल्स बटलर या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. त्याच्याकडे मागणी येई ती जंगलातल्या टोळ्यांची, कापसाच्या मळ्यातल्या मजुरांची, हमालांची आणि मोलकरणींची. मेजवानीत त्यांना प्रवेश होता, पण हातात तबक घेऊन. त्यांच्या कपाटात उंची झगे असते तरी १५ डॉलरांची श्रेणी त्यांच्यासाठी क्वचितच उघडली असती.

पडद्यावरची ही बैठक खऱ्या जगात किती मुरलेली होती याचा पुरावा २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री मिळाला. 'गॉन विथ द विंड' मधील दासीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना ऑस्कर मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. पण लॉस एंजेलिसमधल्या अँबॅसडर हॉटेलातील त्या समारंभात त्यांना सहकलाकारांच्या टेबलाशी नव्हे, तर वेगळ्या लहानशा टेबलाशी बसवण्यात आले. ज्या प्रकारच्या दालनात फ्लॉवर्सबाई रोजावर पाहुणी म्हणून बसत, त्या प्रकारच्या दालनात मॅकडॅनियल खरोखरीच्या मानकरी असूनही भिंतीकडेला होत्या. यात फ्लॉवर्सबाईंचा काही अपराध नाही. परंतु 'सर्वाधिक चित्रपटांत दिसलेली नटी' हा किताब केवळ चिकाटीने मिळत नाही. कोणाला कोठे बसू दिले जाई यावरही तो अवलंबून असतो, एवढे तरी आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

बाई स्वतः या व्यवस्थेकडे कसे पाहत असतील? त्यांच्या मनात शिरण्याचा आव आम्ही आणणार नाही. त्यांनी केलेली एक कृती मात्र नोंदलेली आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्डमध्ये एक्स्ट्रांनाही प्रवेश होता, पण तो दुय्यम सभासदांचा. संख्येने एक्स्ट्रा अधिक. त्यांना पूर्ण मताधिकार दिला तर गिल्ड त्यांच्या हाती जाईल ही नटांची भीती. आणि आमच्या मजुरीवर आमच्या वतीने दुसऱ्यांनीच बोलायचे, ही एक्स्ट्रांची तक्रार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा संघर्ष फुटीपर्यंत गेला आणि १९४५ साली स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत फ्लॉवर्सबाईंचा वाटा होता. तिच्या आरंभीच्या उपाध्यक्षांत त्या होत्या, आणि सभांची इतिवृत्ते लिहिणाऱ्या चिटणिसाचे पदही त्यांनी सांभाळले. पडद्यावर इतरांच्या कचेऱ्यांतली चिटणीस वठवणाऱ्या बाई येथे आपल्या माणसांच्या चिटणीस झाल्या. त्यांच्या कारकिर्दीतली आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी भूमिका हीच. ज्या ड्रेस एक्स्ट्राला नित्य काम मिळते तिला संघटनेची गरज सर्वांत कमी. तिने उलट सर्वांशी गोड राहावे यातच तिचा लाभ. तरी त्या पुढे झाल्या. ही संघटना १९९२ पर्यंत टिकली आणि नंतर तिचे कार्यक्षेत्र पुन्हा स्क्रीन ॲक्टर्स गिल्डकडे गेले.

आता मघाच्या पेचाकडे वळू. ज्या बाईंचे नाव नामावलीत नाही त्यांच्याविषयी एवढे सारे आपल्याला कळले कसे? स्टुडिओ-युगात नामावली प्रायः चित्रपटाच्या आरंभी, पाच-पंचवीस नावांत आटोपत असे. एक्स्ट्रांची नावे पडद्यावर देण्याची प्रथाच नव्हती. ती राहिली असतील तर मजुरीच्या पावत्यांत आणि चित्रीकरणाच्या दैनंदिन नोंदींत; असे कागद सर्वत्र जपले गेले नाहीत. मग जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर रात्री-अपरात्री दाखवले जाऊ लागले, पुढे ध्वनिचित्रफिती घरी आल्या आणि प्रेक्षकाच्या हाती चित्र थांबवण्याचे बटण आले. चित्रपटगृहात ही सोय कधीच नव्हती. तेथे नायिकेवरून नजर हटेपर्यंत प्रसंग संपलेला असे. आता हौशी जाणकारांनी चित्र थांबवून पाठीमागची टेबले न्याहाळायला सुरुवात केली. ही तीच बाई! एकाने ओळखले, दुसऱ्याने पडताळले, तिसऱ्याने यादीत भर घातली. इंटरनेटवरील चित्रपटकोश १९९० नंतर वाढले तसतशी ही यादीही वाढत गेली.

म्हणूनच फ्लॉवर्सबाईंच्या चित्रपटांची संख्या स्थिर नाही. पूर्ण लांबीचे ३५० हून अधिक चित्रपट आणि शिवाय अनेक लघुपट ही जुनी गणना; अलीकडच्या याद्या ८०० च्याही पुढे जातात. एखाद्या व्यक्तीच्या निधनानंतर तिची कारकीर्द दुपटीने वाढावी हे नवलच. पण या आकड्यांकडे जपून पाहावे असे आम्हांला वाटते. धूसर चौकटीत दिसलेली प्रत्येक उंच बाई बेस फ्लॉवर्स असेलच असे नाही. एकदा 'राणी' हा किताब मिळाला की आजूबाजूच्या अनाम बायकांची कामेही राणीच्या खात्यावर जमा होऊ लागतात. ताऱ्यांच्या बाबतीत जे घडते तेच मग गर्दीच्या इतिहासातही घडते: एक नाव उजळते आणि त्या उजेडात बाकीची अधिकच काळवंडतात. तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा शेपटीच्या कोटातला गृहस्थ कोण होता? तोही तितकेच दिवस, तितक्याच वेळा पेला उचलत होता. फ्लॉवर्सबाईंना ओळखण्याचा खरा उपयोग, त्यांच्या पलीकडच्या माणसांकडे नजर वळावी, हाच असला पाहिजे.

१९५० नंतर स्टुडिओंचा पसारा आटू लागला तेव्हा बाई दूरचित्रवाणीकडेही गेल्या. 'आय लव्ह लूसी' सारख्या मालिकांत त्या दिसतात. त्यांचा शेवटचा चित्रपट 'गुड नेबर सॅम' (१९६४). त्यानंतर वीस वर्षांनी, २८ जुलै १९८४ रोजी, कॅलिफोर्नियातील वुडलँड हिल्स येथे, चित्रपटव्यवसायातल्या वृद्धांसाठी असलेल्या निवासात त्यांचे निधन झाले. त्या ८५ वर्षांच्या होत्या. चित्रपटधंद्यातल्यांनी आपल्या थकलेल्या माणसांसाठी उभारलेल्या या वास्तूत मोठेही राहिले आणि लहानही.

ही सारी जुनी गोष्ट म्हणून येथेच मिटवता आली असती. पण जुलै ते नोव्हेंबर २०२३ या काळात हॉलिवुडच्या नटांनी जो दीर्घ संप केला त्यात पार्श्वभूमीवरच्या कलाकारांचा प्रश्न एकाएकी पुढे आला. एका दिवसाच्या मजुरीत एक्स्ट्राची संगणकीय प्रतिकृती घ्यायची आणि मग ती हवी तितकी वापरायची असा स्टुडिओंचा प्रस्ताव असल्याचा आरोप नटसंघटनेने केला. स्टुडिओंनी तो नाकारला. अखेरीस झालेल्या करारात अशा प्रतिकृतींसाठी संमतीची आणि मोबदल्याची कलमे घालण्यात आली. हे वाचताना आम्हांला फ्लॉवर्सबाईंच्या कपाटाची आठवण झाली. त्या काळी मेजवानीत बसवायला माणूस लागत असे. त्या माणसाचे कपडे त्याचे होते, त्याचा वेळ त्याचा होता, आणि म्हणून उशिरा का होईना त्याला संघटना काढून दर मागता आला. प्रतिकृतीला कपाट नसते, आणि ती सभेची इतिवृत्तेही लिहीत नाही.

'ऑल अबाउट ईव्ह' चा शेवट पुन्हा एकदा पाहावा. सारा चित्रपट कोणत्याही मार्गाने पुढे येऊ पाहणाऱ्या एका स्त्रीविषयी आहे. शेवटी ती पुढे येते, मानचिन्ह हाती घेते. भोवती लोकांचा घोळका आहे. त्यातून एक उंच बाई येते, तुझ्यासाठी फार आनंद झाला अशा अर्थाचे चार शब्द बोलते आणि बाजूला होते. ईव्हचे तिच्याकडे लक्षही नसते. आम्ही मात्र आता दर वेळी त्या बाईंसाठी चित्र क्षणभर थांबवतो; आणि अलीकडे त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांसाठीही.